अडकलेली हळद

अडकलेल्या व्हिडिओच्या मध्यभागी फिरणारं पांढरं वर्तुळ हे खरं तर वर्तुळ नसतं. त्याचा साधारण पाव भाग गायब असतो आणि फिरते ती या गायब भागाची फट. कुंदनच्या घरातल्या टीव्हीवर ती फट अगदी खाली आली की किंचित रेंगाळायची आणि मग पुन्हा वर चढायची. घरातल्या सगळ्यांनी हे इतक्या वेळा पाहिलं होतं की आता कोणाला त्याचा रागही येत नसे. कुंदनची आई काशीबाई तर त्या वर्तुळाच्या भरवशावर जवळा निवडायला बसत. व्हिडिओ चालू झाला की ताट बाजूला, अडकला की ताट मांडीवर.

व्हिडिओ घरचेच होते. कुंदन तळोज्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. तिथे मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर त्याने खांदेश्वरला घरी आणला, त्यात मोठ्या डिस्क बसवल्या आणि घराण्यातली सगळी बारशी, साखरपुडे, हळदी आणि लग्नं त्यात भरली. कोणीही, कुठूनही, आपल्या टीव्हीवर किंवा मोबाईलवर हवं ते कार्य लावून बघावं अशी सोय. तो त्याला सर्व्हर म्हणायचा. बाकीचे ‘कपाटावरचा’ म्हणायचे, कारण तो कपड्यांच्या कपाटावर ठेवलेला होता.

हल्लीचे व्हिडिओवाले चित्र फार बारकाईने काढतात आणि फार घट्ट आवळून देतात. नवे मोबाईल ते सरळ दाखवतात. जुन्या टीव्हीला ते समजत नाहीत, आणि ज्याचं नेटवर्क कमी त्याला ते पेलत नाहीत. अशा वेळी सर्व्हरने तो व्हिडिओ चालता चालता बदलून द्यायचा असतो. कपाटावरच्या म्हाताऱ्याला तेच जमत नव्हतं. कुंदनने हे आईला तिच्या भाषेत समजावलं होतं.

“आई, समज बाजारातून अख्खा घोळ मासा आणला. ज्याचा तवा मोठा, त्याला अख्खा दिला तरी चालतो. आपल्या टीव्हीचा तवा लहान. म्हणून कपाटावरचा त्याला बसल्या बसल्या तुकडे करून देतो. पण त्याची सुरी बोथट हाय.”

“मंग नवीन सुरी घे.”

“तेच बघतोय.”

“कवापासून बघतोस तू!” काशीबाई म्हणाल्या आणि जवळ्यातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

ही तक्रार वाजवी होती. कुंदन गेल्या गणपतीच्या आधीपासून बघत होता. ऑफिसांमधून निघालेले, जाडजूड पुस्तकाएवढे कॉम्प्युटर स्वस्त मिळत, आणि त्यांच्या चिपमध्येच व्हिडिओ बदलायची वेगळी सोय असे. ते जवळजवळ ठरलं होतं. पण मग कोणीतरी वापरलेलं ग्राफिक्स कार्ड सुचवलं. ताकद भरपूर, फक्त वीज जास्त खाणार आणि जुन्या डब्यात मावण्याची शंका. डबा मोजून होईपर्यंत बाजारात एक नवा, मुठीत मावेल असा बॉक्स आला. त्याची चिप दुबळी होती, पण नेमकं हे एकच काम तिला चांगलं येत होतं. कुंदन एक पर्याय बाद करायचा आणि पुढच्या आठवड्यात त्याच्यावर अन्याय झाला असं वाटून तो परत घ्यायचा. परदेशातल्या अनोळखी माणसांनी मोजलेले विजेचे आकडे त्याला पाठ होते.

हे असंच चालू राहिलं असतं, तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण कुंदनचं लग्न या मशीनपाशी येऊन अडलं होतं.

त्याचं मूळ दोन वर्षांपूर्वीच्या एका हळदीत होतं. कुंदनच्या बहिणीची, मनस्वीची हळद. या घरात हळदीच्या मांडवात मामाला सगळ्यांच्या आधी शेला घालतात. काशीबाईंचे थोरले भाऊ कमळाकरमामा, मोरा बंदरात धक्क्याजवळ होड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग विकत. त्यांचं म्हणणं, त्या दिवशी आपल्याला शेला घातला नाही. आपण अपमान गिळला आणि पाण्याचा घोटही न घेता मांडवातून निघालो. काशीबाईंचं म्हणणं, शेला मी माझ्या हाताने घातला, दादा विसरला. दुसऱ्या दिवशी लग्नाला मामा आले, भाचीच्या मागे ताठ उभे राहिले, अक्षता पडल्या आणि ते न जेवता गेले. त्यानंतर त्यांनी या घराची पायरी चढली नव्हती.

आता कुंदनचा साखरपुडा झालेला होता आणि मामांशिवाय तारीख काढायची नाही असं काशीबाईंचं म्हणणं होतं. मामांचा निरोप होता की काशीने आधी कबूल करावं. काशीबाईंचा उलट निरोप होता की व्हिडिओ आहे, सगळ्यांसमोर लावू, कोण खोटं ते दिसेल. मामांनीही लगेच मान्य केलं, “लावा. मी येतो.” आणि व्हिडिओ नेमका त्या प्रसंगाच्या अलीकडे, दिवे आणि धूर सुरू झाला की, अडकायचा.

कुंदनची होणारी बायको प्रिया त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर द्रावणं तपासायची सवय असल्याने ती कोणत्याही गोष्टीचं कारण शेवटच्या टोकापर्यंत शोधत जाई. कॅन्टीनमध्ये तिने एकदा सगळी साखळी मांडून बघितली.

“तारीख मामांमुळे अडलीये. मामा व्हिडिओमुळे अडलेत. व्हिडिओ मशीनमुळे अडलाय. आणि मशीन तुझ्यामुळे. बरोबर?”

“तसं म्हटलं तर.”

“मोबाईलवर दाखव ना त्यांना. मोबाईलवर चालतो बोललास.”

“मामा बोलतो, मान चारचौघांत असतो, मग चारचौघांत मोठ्या पडद्यावर बघायचा. मोबाईलवर काय, कोणपण काहीपण दाखवतो.”

“मग अख्खा व्हिडिओ आधीच बदलून ठेव. सावकाश होऊ दे.”

“लावून बघितला. तापून बंद पडतो.”

“तेवढाच तुकडा काप.”

“कापलेला बघून मामा काय बोलेल? मधलं काढलंत.”

प्रियाने चहाचा कप खाली ठेवला. “कुंदन, तुला लग्न करायचंय की तुलना?”

त्याने तिला शब्द दिला की महिनाअखेर मशीन येईल. आणि खरोखरच त्या संध्याकाळी तो छोट्या बॉक्सवर येऊन थांबला. तेवढ्यात काशीबाई खोलीत आल्या. त्यांनी दार लोटून घेतलं, हे नेहमीचं नव्हतं.

“घेतोस का रं आज?”

“हो. हा घेतो.”

“बघ बाबा. वस्तू रोजरोज घेत नाय आपण.” त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. “चार ठिकानी विचार. घाईत घेतलेला टिकत नाय. मना काय घाई नाय.”

“तूच तर बोलतेस सगळ्यांसमोर, लवकर लाव म्हणून.”

“ते सगळ्यांसमोर,” काशीबाई म्हणाल्या आणि दार उघडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

“भाच्या, मशीन घेतलीस?”

“आज घेतोय, मामा.”

“आज? आज कशाला? इंजिनाचं गिऱ्हाईक पन मी असंच परत पाठवतो. बोलतो, नवीन मॉडेल येनार हाय, थांब. तुज्या मशीनचं पन येनार असेल की.”

“तू तर बोललास, उद्याच लावा म्हणून.”

“ते तुज्या आयशीला बोल्लो. तुना वेगला बोलतोय. सनाला ऑफर लागतान. तवा घे.” आणि फोन बंद.

कुंदनने त्या दिवशीही मशीन घेतली नाही. हे त्याने प्रियाला सांगितलं, आईचं आणि मामांचं बोलणंही सांगितलं. मग तिने विचारलं, “दोघांनाही व्हिडिओ लागायला नकोय. का?”

“मला काय माहीत.”

“तुझा मोबाईल नवीन आहे. त्याच्यावर व्हिडिओ चालतो. दोन वर्षांत तू तो बघितलाच नाहीस, असं मला सांगू नको.”

कुंदनने इकडेतिकडे पाहिलं. “बघितलाय.”

“मग?”

“शेला मामाला नाही घातला. तो माजी नगरसेवक आला ना मध्येच, माइकवर नाव पुकारलं, आईची धावपळ उडाली, आणि मामासाठी काढलेला शेला तिने त्याच्या खांद्यावर टाकला.”

“म्हणजे मामा खरे.”

“थांब ना. मामा बोलतो, पाणी न पिता निघालो. तो पुढे तासभर नाचतोय. डीजेच्या पुढे. त्याच्याएवढं त्या दिवशी कोणी नाचलंच नाही.”

प्रिया हसली नाही. माहिती पूर्ण झाल्याचं समाधान मात्र तिच्या चेहऱ्यावर दिसलं. “म्हणून तू मशीन घेत नाहीस.”

“नाही, तसं नाही. ते कार्ड मावेल की नाही तेच अजून…” कुंदन मध्येच थांबला. मशीन निवडणं कुठे संपतं आणि टाळणं कुठे सुरू होतं, हे त्यालाही गेल्या काही महिन्यांत नीट सांगता आलं नसतं. “दोघंपण तोंडावर पडतील. मग तर मामा कधीच येणार नाही.”

“आत्ता येतायत का?”

प्रियाने तिथेच मामांना फोन लावला. होणाऱ्या भाचेसुनेचा पहिला फोन, त्यामुळे मामांनी तो अतिशय गोड आवाजात घेतला.

“मामा, रविवारी व्हिडिओ लावतोय. तुमी या.”

“मशीन आयली काय?”

“नाही. जुन्यावरच लावू. अडकला तर थांबू. तुमची बाजू खरी आहे, मग तुमाला कसलं टेन्शन?”

मागच्या होडीच्या इंजिनावर मामांनी आवाज चढवला. “टेन्शन? मना कसला टेन्शन? येतो.”

काशीबाईंनाही तिने हेच विचारलं आणि तसंच उत्तर मिळालं.

रविवारी दुपारी मामा आले. दारातच थांबले. काशीबाईंनी तांब्या-भांडं पुढे केलं.

“मी पानी प्यायला आयलो नाय. व्हिडिओ बघायला आयलोय.”

“तहान लागली तर सांग,” काशीबाई म्हणाल्या आणि तांब्या त्यांच्या हाताशी ठेवला.

मनस्वी सासरहून, उलव्याहून, आली होती. कुंदनचे वडील भगवान, गच्चीतल्या टाकीचा बॉल तपासायला म्हणून वर गेले ते गेले. घरात वाद निघाला की त्या टाकीत काहीतरी बिघडतंच. कपाटावरचा कॉम्प्युटर खाली आणून, झाकण काढून, स्टुलावर ठेवला होता आणि घरातला एकमेव टेबल फॅन त्याच्याकडे तोंड करून लावला होता. माणसं घामाघूम झाली होती.

“त्याला वारा, आमाला नाय,” मामा म्हणाले.

“तो तापला तर बंद पडतो, मामा.”

“मी पन तापलोय दोन वर्षं.”

कुंदनने व्हिडिओ लावला. आधी ड्रोनमधून घर दिसलं, मग मनस्वीचं नाव ज्वाळांमधून बाहेर आलं. मनस्वीने “अगं बाई, किती बारीक होते मी,” एवढीच प्रतिक्रिया दिली. बायका हळद लावत होत्या. गर्दी सगळी पिवळी होती. चित्र जवळजवळ न अडखळता चाललं, त्यामुळे कुंदन अस्वस्थ झाला. त्याच्या हिशोबात म्हातारा आतापर्यंत धापा टाकायला हवा होता.

मग मांडवातले रंगीत दिवे लागले, धुराचं यंत्र सुरू झालं आणि चित्र मंदावलं. कुंदनने मोबाईलवर सर्व्हरचं पान उघडलं. कोण काय पाहतंय ते तिथे दिसायचं. तो दचकला. हाच व्हिडिओ आणखी तीन ठिकाणी चालू होता, आणि म्हातारा प्रत्येकासाठी वेगळे तुकडे करत होता.

“मनस्वी, तुझ्या सासरी कोणी हे लावलंय?”

“मी कोणालाच नाही सांगितलं. फक्त सासूबाईंना.”

“पनवेलला मावशीकडे कसं काय?”

“मी नाय बोल्ले,” काशीबाई म्हणाल्या. “तिनेच इचारला, रविवारी काय करताय. खोटं कसं बोलायचं?”

“आणि मोऱ्याला?”

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. “फकस्त सुनेला बोल्लो,” मामा म्हणाले. “बाकी कोनाला नाय.”

पडद्यावर निवेदकाचा आवाज चढला. “आपल्या सर्वांचे लाडके, माजी नगरसेवक, यांचं आगमन झालेलं आहे, जोरदार टा…” आणि त्या ‘टा’वर सगळं थांबलं. पांढरं वर्तुळ फिरू लागलं.

चित्र स्वच्छ होतं. काशीबाई दोन्ही हात उंच करून, भगवा शेला पसरून उभ्या होत्या. ज्याला तो घालायचा त्याचा चेहरा शेल्याआड होता. दिसत होता तो फक्त खांदा आणि हात. पांढरी, कडक इस्त्रीची बाही. मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ.

“बघ!” आधी काशीबाई बोलल्या. “घालते की नाय?”

“घालतेस. कोनाला?”

“तुना.”

“ह्यो मी हाय?”

“मंग कोन?”

“बाही बघ, काशे.”

“बाहीत काय हाय? बाहीसारखी बाही.”

सगळे बाहीकडे बघू लागले. व्हिडिओ चालू असता तर हे दृश्य डोळ्याची पापणी लवेपर्यंत गेलं असतं; पुढच्याच क्षणी कोणीतरी मध्ये आलं असतं आणि दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं चालू ठेवता आलं असतं. चांगली मशीन असती तर निकाल लागला नसता. या मशीनने ते चित्र फोटोसारखं भिंतीवर टांगून ठेवलं होतं.

मनस्वीला व्यवहारातलं राजकारण फारसं कळत नसे, पण कपडे लक्षात राहत. “पण मामा पिवळ्या शर्टात होता,” ती म्हणाली. “घरातल्या सगळ्याच पुरुषांना पिवळे होते. मी स्वतः वाशीहून एकाच ताग्यातलं कापड आणलेलं.”

“मनस्वी, चहाचा बघ,” काशीबाई म्हणाल्या.

“अजून टाकलाच नाही.”

“मंग टाक!”

मामा खुर्चीत मागे रेलले. दोन वर्षांत प्रथमच त्यांचे खांदे सैल पडले. त्यांनी हात लांब करून तांब्या उचलला, भांड्यात पाणी ओतलं आणि सगळ्यांच्या देखत, चवीने, पूर्ण भांडं संपवलं.

“गोड हाय पानी,” ते म्हणाले.

काशीबाईंनी रिमोट उचलला आणि पुढे जायचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग न थांबता दाबत राहिल्या.

“आई, नको दाबू. ते सगळं आत जमा होतं.”

“होऊ दे जमा. ह्या मेल्या बाहीच्या पुढं तं जाऊ दे.”

तिकडे उलवे आणि पनवेल कंटाळले असावेत. कुंदनच्या मोबाईलवरून ती दोन नावं एकेक करून गळली. म्हाताऱ्याला श्वास मिळाला, आणि आईने दाबलेली सगळी बटणं त्याने प्रामाणिकपणे, एकामागून एक, मोजून पाळली. पडदा काळा झाला आणि एकदम डीजेचा ठोका घरभर घुमला.

पिवळ्या गर्दीच्या मधोमध, पिवळ्या शर्टात कमळाकरमामा होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, एका हातात जेवणाचं ताट, दुसऱ्या हातातला रुमाल हवेत. भोवती माणसांनी जागा मोकळी करून दिली होती. मामांनी ताट जरासुद्धा न हलवता स्वतःभोवती एक गिरकी घेतली, डावा पाय गुडघ्यापर्यंत उचलला, आणि म्हातारा पुन्हा अडकला.

पाय हवेतच राहिला. तोंडात अर्धा वडा होता.

चहाचं आधण ठेवून परत आलेली मनस्वी दारातच थांबली. प्रियाने खाली बघितलं. काशीबाईंनी रिमोट हलकेच टेबलावर ठेवला, पदर सारखा केला आणि पडद्याजवळ जाऊन बारकाईने पाहिलं.

“खरं बोललास, दादा,” त्या म्हणाल्या. “पानी कुठं दिसत नाय.”

पहिल्यांदा मनस्वी हसत सुटली. मग प्रिया. मामांचा मोबाईल वाजला. सुनेचा होता आणि तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. “बाबा, आमचं त्या बाहीवरच अडकलंय. तुमचं पुढं गेलं काय?”

“ठेव फोन,” मामा म्हणाले.

तेवढ्यात भगवान गच्चीवरून खाली आले. हसण्याचा आवाज ऐकून प्रकरण मिटलं असावं असं त्यांना वाटलं. “सुटला काय?” त्यांनी विचारलं, मग पडदा बघितला, मेव्हण्याचा हवेतला पाय बघितला, “टाकीचं झाकण उघडं राहिलं,” म्हणाले आणि परत वर गेले.

हसू ओसरलं. काशीबाई खाली बसल्या. टीव्हीकडे पाठ करून.

“साहेब येतो असं कोनी सांगितला नव्हता,” त्या म्हणाल्या. “ताटात शेला एकच. माइकवाला वरडतोय, सगले मनाच बघतान. मना वाटला, परका रुसला तं परत येनार नाय. तू घरचा. घरचा कुठं जातोय?”

“मोऱ्याला गेला घरचा.”

“दुसरा शेला आनायला पोराला पलवला होता मी. तो घेऊन येईपर्यंत तू तिकरं…” त्यांनी न वळताच पडद्याकडे हात केला. “घालायचा कसा मधी? तुज्या डोक्याला टॉवेल, हातात ताट. मंग राहून गेला. मंग तू बोलायलाच लागलास, नाय घातला, नाय घातला. मी पन बोल्ले, घातला. एकदा बोल्ले, मंग मागं कशी येऊ?”

मामा पडद्यावरच्या स्वतःच्या उचललेल्या पायाकडे बघत होते. “भाचीची हलद होती,” ते म्हणाले. “नाचू नको तं काय करू? राग नंतर आयला. घरी गेल्यावर. आरशात बघितला, तं खांद्यावर काय नाय.”

काशीबाईंनी मामांचं रिकामं भांडं घेतलं आणि पुन्हा भरून ठेवलं.

कुंदनला राहवलं नाही. त्याला वाटलं, वातावरण जरा हलकं करावं, आणि हलकं करण्यासारखा विषय त्याच्याजवळ एकच होता. “मामा, हे सगळं मशीनमुळे झालं. नवीन असती तर असं अडकलंच नसतं. आता बघ, तीन आहेत. एक ऑफिसातून निघालेला, त्याची चिप चांगली हाय, पण तो आधी कोणी किती वापरलाय ते कळत नाही. मग ते कार्ड, ताकद भरपूर, पण हा डबा त्याला पुरेल का ते मोजावं लागेल. आणि एक एवढासा नवीन बॉक्स. तो तीन-चार जणांना आरामात पुरवेल, वीज कमी, गरम होत नाही, पण त्यात पुढेमागे काही वाढवायचं म्हटलं तर…”

“कुंदन,” प्रिया म्हणाली.

“नाही, मी फक्त मामाला सांगतोय. म्हणजे तसं बघितलं तर अजून एक चौथापण…”

मामांनी हात वर केला. दुकानात गिऱ्हाईक फार बोलायला लागलं की ते असाच हात वर करत. त्यांनी पाण्याचं दुसरं भांडं अर्धं प्यायलं, पडद्यावरच्या स्वतःकडे एकदा बघितलं, बहिणीकडे बघितलं आणि मग प्रियाकडे वळले.

“पोरी, तुज्या बापाला सांग, या आठवड्यात तारीख काढू, मी बसनार हाय. आन् भाच्या, तो लहान डबा आजच मागव. तुज्या हलदीत काशी मना शेला घालेल, तवा मोऱ्यापासून पनवेलपर्यंत कोनाचा अडकता कामा नये.”